ऋणभार

परळच्या तळघरातल्या या खोलीत
बारा महिने अठरा अंश.
खुर्चीच्या पाठीला कायमचा एक स्वेटर,
लेसर चालू असताना दार उघडू नये अशी पाटी,
पाटीखाली माझ्या चपला.

पडद्यावर मारेकरी पेशी.
तिला घाई नाही.
शेजारणीला चाचपते, कुळमूळ विचारते, सोडून देते.
पुढचीला चाचपते.
चौथीपाशी थांबते
आणि बिलगते.
(अहवालात मी ‘संपर्क’ लिहिते.
पण बिलगतेच ती.)

दोघींच्या मध्ये फट नावालाच,
आणि त्या फटीत ही विष ओतते:
आधी भोकं पाडणारं,
मग त्या भोकांतून आत शिरणारं.
विषाला काय कळतं,
कुठली भिंत वैऱ्याची, कुठली घरची?
दोन्हीकडे चरबीचंच कातडं.

थोड्या वेळात चौथीला बुडबुडे येतात,
उतू जाणाऱ्या दुधासारखी ती फुगते, विझते.
आणि ही
पदर सोडवून घ्यावा तशी सुटते,
पाचवीकडे निघते.

माझे वडील, भिकाजी घाडी,
एफ-दक्षिण वॉर्डात उंदीर मारायचे.
काळी भुकटी, कणीक, चमचाभर गोडं तेल,
सुपारीएवढ्या गोळ्या,
शिवडीच्या गोदामांतून रात्रभर
बिळागणिक एक.
भुकटीला ओल लागली की लसणीसारखा वास सुटतो.
म्हणून आमच्या घरात लसूण नव्हती,
आमटीला हिंग, चटणीलाही हिंग.
वास आलाच कधी तर त्याचा एकच अर्थ असावा,
असं आईचं म्हणणं.

सकाळी सातला ते यायचे.
कपडे बाहेरच्या बादलीत,
नखं मुळापर्यंत कापलेली,
धुण्याच्या सोड्याने कोपरापर्यंत हात, तीनदा.
मी उंबऱ्याच्या आतून झेपावायचे.
‘थांब गं,’ म्हणायचे,
‘मी अजून आलो नाही.’

पेशीचं आता थोडंफार कळलंय.
मारताना ती अंग आवळून घेते,
चरबीचा कण कणाला असा खेटवते
की विषाला पाय रोवायला जागा मिळू नये.
तरी काही चिकटतंच.
त्यासाठी वेगळी तजवीज:
आतल्या अंगाचा ऋण प्रभार
ती बाहेरच्या अंगाला आणून ठेवते.
विष त्याला चिकटतं आणि भांबावतं,
कडं करून भोक पाडायचं विसरतं,
गोळा होऊन तिथंच पडून राहतं.

दुसऱ्या कुठल्या पेशीवर तो प्रभार दिसला
तर समजायचं, हिची घटका भरली.
सफाईवाल्या पेशी येतात, गिळून टाकतात.
ही मात्र मरणाची खूण अंगावर घालून
रोज कामावर जाते.

ऋण.
पुस्तकात नुसती आडवी रेघ आहे.

मागच्या मंगळवारी मी एक रसायन घालून
तिचं कातडं सैल करून पाहिलं.
ती बिलगली. विष ओतलं.
दोघी एकदमच फुगल्या.
वहीत लिहिलं, ‘अपेक्षेप्रमाणे.’
स्वेटर न घालता
बराच वेळ तशीच बसून राहिले.

वडिलांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.
हात मऊ पडलेत,
रेघा पुन्हा दिसू लागल्यात.
आई गेल्यावर ते माझ्याकडेच असतात,
माझ्या लेकीची वेणी घालतात, वाकडी.

काल पहिल्यांदा घरात लसणीची चटणी केली.
वाटताना मला काही सुचलं नाही.
ताट वाढलं. ते बसले,
पहिला घास तोंडाशी नेला
आणि खाली ठेवला.
लेक मांडीवर चढत होती,
तिला अलगद बाजूला केलं,
उठले,
मोरीत जाऊन नळ सोडला.

तीनदा.
मी बाहेरून मोजत होते.